प्लग बदलताय? मग जुना आधी नीट पाहा

श्रावणात पावसाने चार दिवस उघडीप दिलेली असते. सोयाबीनवर चक्री भुंगा दिसू लागलेला असतो. औषध आणलेले असते, बॅरल भरून ठेवलेले असते, आणि नेमका त्याच सकाळी पेट्रोलवरचा फवारणी पंप रुसून बसतो. दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो, पण इंजिन हूं की चूं करत नाही. मग घरातला पोरगा म्हणतो, "आबा, प्लग गेला असंल. तालुक्याला जाऊन नवा आणतो." तो मोटारसायकलला किक मारून जातो. दुकानदार विचारतो, "कुठला पाहिजे?" आणि पोरगा म्हणतो, "पंपाचा द्या."

मंडळी, घोटाळा इथेच सुरू होतो. "पंपाचा" असा प्लग नसतो, तसा "गाडीचा" असाही नसतो. त्या त्या इंजिनाचा त्याचा त्याचा प्लग असतो. वरून सगळे सारखेच दिसतात, पांढरी चिनी माती आणि खाली लोखंडी आटे. म्हणून आपण फसतो.

आमच्या ओळखीच्या एका घरी बांधावरचे गवत कापायचे यंत्र आहे. त्याला आपण ब्रशकटर म्हणतो. दोन वर्षे चांगले चालले. मग प्लग बदलायची वेळ आली. जुन्या प्लगवर पाचचा आकडा होता. दुकानात त्या कंपनीचा माल नव्हता. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीचा प्लग पुढे केला आणि म्हणाला, "दादा, हाही पाच नंबरच आहे, बिनधास्त लावा." बसायला बसला, यंत्रही पहिल्या ओढीत सुरू झाले. घरात सगळे खूश. पण उन्हात तास-दीड तास कापणी झाली की आवाज बदलायचा, आत कोणी खडे हलवतो आहे असा. बटण बंद केले तरी इंजिन आणखी चार-दोन फेरे मारूनच थांबायचे. हे का होते, असा प्रश्न कोणाला पडला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी यंत्र बंद पडले ते पडलेच. मेस्त्रीने उघडले तर पिस्टनच्या डोक्याला भोक! पिस्टन, सिलिंडर आणि मजुरी मिळून जो खर्च आला, त्यात पंधरा-वीस प्लग आले असते. शिवाय गवत वाढत राहिले ते वेगळेच.

आकडा एकच असताना असे कसे झाले, ते सांगण्यासाठीच हा लेख.

प्लगचे काम तसे एका वाक्यात सांगता येते. सिलिंडरमध्ये दाबलेल्या पेट्रोल आणि हवेच्या मिश्रणाला वेळेवर ठिणगी द्यायची. पण किती वेळा, याचा हिशेब करून पाहा. ब्रशकटरचे इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे दर फेऱ्याला एक ठिणगी. ते मिनिटाला सात हजार फेरे घेत असेल तर मिनिटाला सात हजार ठिणग्या, म्हणजे सेकंदाला शंभरावर. प्रत्येक ठिणगीला हजारो व्होल्टचा दाब लागतो, आणि तोही आगीत, तेलात नि धुरात बसून. (ट्रॅक्टर आणि डिझेल इंजिनाला असा ठिणगीचा प्लग नसतोच. तिथे हवा दाबून इतकी तापते की डिझेल आपोआप पेट घेते. म्हणून हे सगळे पेट्रोलवाल्यांसाठी आहे.)

उष्णतेचा निचरा

आता मुख्य गोष्ट. प्लगचे आतले टोक तापलेच पाहिजे. ते साधारण पाचशे अंशांच्या आसपास गेले की त्यावर बसणारी काजळी जळून जाते आणि प्लग स्वतःच स्वच्छ राहतो. टोक त्याहून थंड राहिले तर काजळी साठते, वीज ठिणगी न पाडता काजळीवरून निसटून जाते आणि इंजिन गचके खाते. उलट टोक साडेआठशे अंशांच्या फार पुढे गेले तर ते निखाऱ्यासारखे लाल होते. मग ठिणगीची वाट न पाहता मिश्रण आधीच पेटते. पिस्टन अजून वर येतो आहे आणि वरून आग त्याला खाली ढकलते आहे, असा प्रकार होतो. खडे हलल्यासारखा आवाज तो हाच, आणि बटण बंद करूनही इंजिन फिरत राहते तेही याचमुळे. असेच चालू राहिले की पिस्टन वितळतो.

म्हणून टोकावरची उष्णता ठरावीक वेगाने बाहेर गेली पाहिजे. याला आपल्या भाषेत निचरा म्हणू या. मुरमाड जमिनीत पाणी टिकत नाही, काळ्या भारी जमिनीत ते तुंबून राहते. प्लगचेही तसेच. आतल्या चिनी मातीचे नाक आखूड असेल तर उष्णता चटकन लोखंडी अंगात आणि तिथून इंजिनात जाते. हा "थंड" प्लग, म्हणजे मुरमाड रान. नाक लांब असेल तर उष्णतेला बाहेर पडायला लांबची वाट, ती तुंबून राहते. हा "गरम" प्लग, म्हणजे काळे रान. कोणते रान चांगले, असे कोणी विचारले तर तुम्ही काय म्हणाल? "पीक कोणते आहे?" असेच ना? इथेही उत्तर तेच आहे. सारखे जोरात पळणाऱ्या, तापणाऱ्या इंजिनाला थंड प्लग. मंद चालणाऱ्या, कमी तापणाऱ्या इंजिनाला गरम प्लग.

शर्यतीच्या मोटारींचे उदाहरण यासाठी फार बोलके आहे. शर्यतीचे इंजिन भयंकर तापते, म्हणून त्याला अगदी थंड प्लग लागतो. पण तोच प्लग इंजिन गार असताना, हळू चालवताना, काजळीने भरून जातो. म्हणून पूर्वीच्या काळी युरोपातल्या शर्यतींत मेस्त्री लोक आधी गरम जातीचे प्लग लावून इंजिन तापवीत, आणि शर्यत सुरू होण्याआधी ते काढून थंड जातीचे लावीत. लाखमोलाच्या मोटारीला सुद्धा एकच प्लग सगळ्या कामाला चालत नव्हता, एवढे यातून ध्यानात घ्या.

जर्मनीची पोर्शे ९११ ही मोटार तुमच्या पोरांनी मोबाईलवर पाहिली असेल. १९८९ साली तिचे जे नवे इंजिन आले त्यात सिलिंडर सहा आणि प्लग बारा, एकेका सिलिंडरला दोन दोन. अशा मोटारीचा मालक प्लग बदलताना काय करतो? सगळ्यात महाग कोणता, असे विचारत नाही. कंपनीने पुस्तिकेत दिलेला नंबर आधी पाहतो. मोटार रोज गावातून हळू जाते की शर्यतीच्या मैदानावर पळते, इंजिनात काही फेरफार केला आहे का, याचा विचार करून मगच, गरज असली तर, एखादी पायरी थंड प्लगकडे सरकतो. दोन प्लगांची युक्ती आपल्याकडेही आली बरे का. पुण्याच्या बजाज कंपनीने २००३ साली पल्सरला एका सिलिंडरला दोन प्लग दिले, आणि २०१२ च्या पल्सर २०० एनएसला तर तीन. अशी गाडी घरात असेल तर सगळे प्लग एकदमच बदलावेत. दुधाच्या गाडीला एक बैल ताजा आणि एक थकलेला जुंपला तर काय होते, ते तुम्हाला सांगायला नको.

तर "रेसिंगचा प्लग" म्हणून जो तुम्हाला जास्त पैशाला दिला जातो, तो खरोखर शर्यतीचा असेल तर तुमच्या मोटारसायकलला वाईट, कारण डेअरीला दूध घालायला जाताना तो तापणारच नाही, काळा पडत राहील. आणि तो नुसताच नावाचा रेसिंग असेल तर जादा पैसे कशाचे?

आकड्यांची उलटापालट

आता त्या पाच नंबरकडे येऊ. प्लगवर छापलेल्या अक्षरांत एक आकडा असतो, तो या निचऱ्याचा. पण प्रत्येक कंपनीची मोजणी वेगळी. एनजीके आणि डेन्सो या जपानी कंपन्यांत आकडा मोठा म्हणजे प्लग थंड. बॉश आणि चॅम्पियन यांच्यात आकडा मोठा म्हणजे प्लग गरम. अगदी उलट! त्यामुळे एका पद्धतीतला पाच थंडाकडचा आणि दुसऱ्या पद्धतीतला पाच गरमाकडचा. त्या ब्रशकटरचे जे झाले ते यातूनच झाले.

जुन्या मंडळींना यात आणखी एक गंमत आठवेल. राजदूत, येझदी, लुना चालवणाऱ्यांच्या खिशात मायकोचा एक जादा प्लग असायचाच. त्यावर १७५, २२५ असे तीन आकडी नंबर असत आणि तिथे मोठा आकडा म्हणजे थंड प्लग. पुढे लहान आकडे आले आणि रीत उलटली. मायको कंपनीचे नावही २००८ साली बदलून बॉश झाले. म्हणून आजोबांचे ज्ञान नातवाच्या गाडीला जसेच्या तसे लावू नका.

दुसऱ्या कंपनीचा प्लग घेऊच नये असे नाही. घ्यावा, पण नुसता आकडा जुळवून नव्हे. प्रत्येक कंपनीचा जुळणी-तक्ता असतो, त्यात आपल्या जुन्या प्लगचा पूर्ण नंबर शोधून त्याच्यासमोर काय लिहिले आहे ते पाहायचे. दुकानदाराकडे तक्ता नसेल तर मोबाईलवर मिळतो. पोरांना ते येते, त्यांना कामाला लावा. मात्र जुन्याचा नंबर म्हणजे बरोबर नंबर, असेही धरून चालू नका. मागच्या वेळी कोणी चुकीचाच बसवला असेल तर? यंत्राची पुस्तिका पाहा. ती पेटीत, कपाटात, नाहीतर देव्हाऱ्यामागे कुठेतरी असतेच.

निचऱ्याइतकेच महत्त्व लांबीला आहे. एक उदाहरण देतो. पुष्कळ ब्रशकटरना बीपीएमआर७ए हा प्लग चालतो. पॉवर वीडरवर आणि पाणी उपसण्याच्या पंपावर जी लहान फोर-स्ट्रोक इंजिने असतात, त्यांतल्या अनेकांना बीपीआर६ईएस लागतो. दोघांचीही जाडी १४ मिलिमीटर, आटे तेच, एकाच्या भोकात दुसरा सहज फिरतो. पण पहिल्याच्या आट्यांची लांबी साडेनऊ मिलिमीटर आणि दुसऱ्याची एकोणीस, म्हणजे दुप्पट. वीडरचा प्लग ब्रशकटरला लावला तर तो आत शिरून पिस्टनवर आपटेल. उलट केले तर तो भोकात खोल दडून बसेल, ठिणगी मिश्रणापर्यंत नीट पोचणार नाही आणि रिकाम्या आट्यांत काजळी भरेल. पुढे बरोबर प्लग बसवायला गेलात तर आटे चिरडले जातील. एकाच घरात ही दोन्ही यंत्रे आता सर्रास असतात, म्हणून जपा.

नावातला "आर" हाही उगाच नाही. त्या प्लगच्या आत विजेला अडवणारा रोध असतो, ठिणगीमुळे आजूबाजूच्या इलेक्ट्रॉनिक भागांना त्रास होऊ नये म्हणून. १ एप्रिल २०२० पासून भारतात बीएस-सहाच्या मोटारसायकली आल्या, त्यांच्यातले पेट्रोल कॉम्प्युटर मोजून देतो. अशा गाडीला बिनआरचा प्लग लावू नये.

आणि इरिडियम? पोरे विचारतात म्हणून सांगतो. इरिडियम हा फार कठीण धातू, २४०० अंशांच्या पुढे वितळणारा. त्याची अगदी बारीक तार टोकाला बसवतात. तार बारीक असल्याने ठिणगी सहज पडते आणि टोक लवकर झिजत नाही. गाडीच्या पुस्तिकेतच इरिडियम सांगितला असेल तर तोच घ्यावा, काटकसर करू नये. फवारणी पंपाला मात्र तो घेणे मला पटत नाही. पंपाचा प्लग झिजून क्वचित जातो, तो काजळीने आणि तेलाने जातो, आणि काजळीला इरिडियमचे कौतुक नसते.

जुना प्लग काय सांगतो

नवा आणण्याआधी जुना हातात घ्या आणि उजेडात जाऊन पाहा. वैद्य जीभ पाहतो तसे. टोक फिकट तपकिरी, दुधाच्या चहाच्या रंगाचे असेल तर इंजिन निरोगी. टोके झिजून गोल झाली असतील तरच प्लग बदला.

कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी जाते आहे. बहुतेक वेळा हवेची गाळणी धुळीने बुजलेली असते, नाहीतर चोक अर्धा ओढलेलाच राहिलेला असतो. गाळणी साफ न करता नवा प्लग लावलात तर आठ दिवसांत तोही काळा होईल.

ओले, तेलकट काळे असेल तर टू-स्ट्रोक यंत्रात तेल जास्त पडले. इथे आपल्याकडे फार अंदाजपंचे चालते. टोपण भरून, डोळ्यांनी मापून! पुस्तिकेत ५० ला १ असेल तर लिटरला २० मिलिलिटर तेल, २५ ला १ असेल तर ४० मिलिलिटर. औषध मोजायचे माप असते तसे एक वेगळे माप यासाठी ठेवा. औषधाचेच वापरू नका. फोर-स्ट्रोक मोटारसायकलचा प्लग तेलकट निघाला तर मात्र तेल आतून वर येते आहे, ते मेस्त्रीला दाखवा.

पांढरेफटक, फोड आल्यासारखे टोक सगळ्यांत वाईट. इंजिन फार तापते आहे. प्लग चुकीचा असेल, कुठून तरी जादा हवा ओढली जात असेल, किंवा इंजिनाच्या पात्यांत गवत नि माती साचून वारा लागत नसेल. हे पाहिल्यावर यंत्र पुढे चालवू नका. त्या घरच्यांनी पहिल्याच संध्याकाळी प्लग काढून पाहिला असता तर पिस्टन वाचला असता.

यात आता एक नवी गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. आपल्याच उसाचे इथेनॉल पेट्रोलमध्ये येते, आणि २०२५ मध्ये हे प्रमाण वीस टक्क्यांवर पोचले. इथेनॉलच्या अंगातच प्राणवायू असतो, त्यामुळे जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनात मिश्रण थोडे पातळ पडते आणि प्लगचा रंग पूर्वीपेक्षा फिकट दिसू शकतो. तेवढ्याने घाबरू नका. पण इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. म्हणून हंगाम संपला की पंपाच्या टाकीत पेट्रोल ठेवू नका, ओतून काढा. पुढच्या हंगामात "प्लग गेला" म्हणून जी ओरड होते, त्यात पुष्कळदा प्लगचा दोष नसतो, टाकीतल्या पाण्याचा असतो.

साफ करताना काय करू नये, ते भगिनींनीही ऐकावे, कारण हा प्रकार स्वयंपाकघरात घडतो. पेट्रोलने भिजलेला प्लग गॅसवर किंवा चुलीत धरून "जाळून" काढायची पद्धत गावोगाव आहे. पेट्रोलचा वास असलेली कुठलीच वस्तू ज्योतीजवळ येऊ देऊ नका, हात भाजतो, घर पेटते. शिवाय अशा आचेने चिनी माती तडकते. तड बारीक असते, दिसत नाही, पण वीज तिथून पळते. तारेच्या ब्रशनेही घासू नये, धातूचा कस चिनी मातीवर बसतो. दात घासायचा जुना ब्रश आणि थोडे पेट्रोल, बाहेर मोकळ्यावर, आणि मग उन्हात वाळवणे, एवढे पुरते. ठिणगी पाहायची तर प्लग हातात धरू नका आणि उघड्या भोकाजवळही नेऊ नका, आतून पेट्रोलचा फवारा येतो.

बसवताना घाई नको. इंजिन गार होऊ द्या. जुना काढण्याआधी भोवतालची माती फुंकून किंवा ब्रशने काढा, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये पडते. नव्या प्लगच्या दोन टोकांतली फट तपासा. किती, ते पुस्तिकेत असते. लहान इंजिनांना साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर. फीलर गेज नावाची पात्यांची जुडी फार महाग नसते, गावात एकाने घेतली तरी सगळ्यांचे भागते. मग पाना न लावता बोटांनी फिरवत न्या. सुरुवातीलाच अडकला तर आटे वाकडे लागलेत, काढून पुन्हा लावा. बोटांनी टेकला की नव्या वॉशरच्या प्लगला पान्याने अर्धा फेरा, फार तर त्याच्या थोडे पुढे. जुनाच पुन्हा बसवत असाल तर नुसता किंचित आवळा, वॉशर आधीच दबलेला असतो. पाय रोवून आवळणारे गडी आहेत, त्यांना दूर ठेवा. डोके ॲल्युमिनियमचे असते, आटे गेले की प्लगच्या पैशात भागत नाही.

नकली मालाची भीती असतेच. छपाई पुसट, अक्षरे वेडीवाकडी, आटे खरखरीत, मधले टोक एका बाजूला कललेले, किंमत नेहमीपेक्षा फारच कमी, असे दिसले तर घेऊ नका. पक्के बिल मागा. बिल म्हटल्यावर दुकानदार आतून दुसरा डबा काढतो की नाही, ते पाहा.

त्या ब्रशकटरच्या घरी आता दांड्यावर पांढऱ्या रंगाने प्लगचा पूर्ण नंबर लिहिलेला आहे, अक्षरांसकट. खाली तेलाचे प्रमाणही. मोटारसायकलचा नंबर घरच्या सूनबाईंनी दुधाच्या कार्डामागे लिहून ठेवलाय, आणि तालुक्याला जो कोणी जातो त्याला त्या तो वाचून दाखवल्याशिवाय सोडत नाहीत. जादा प्लग एक, कागदात गुंडाळून, पान्यासकट डब्यात असतो. पोळ्याआधी फवारणी काढायची असली की त्या आदल्या संध्याकाळीच पंप सुरू करून बघतात.